विश्रांती नेमकी कुणाला मिळते? बुमराच्या तीन कसोट्या, सिराजच्या पाच आणि रणजीतले तीन दिवस

तिसरी_स्लिप (धागाकर्ता)

"बुमरा नसला की आपण जिंकतो." ओव्हलच्या कसोटीपासून हे वाक्य ऑफिसात, लोकलमध्ये, सोसायटीच्या गेटवर सगळीकडे ऐकतोय. काल ठाण्याला उतरताना कॉलेजची दोन मुलं हेच बोलत होती आणि मी त्यांच्याशी वाद घालत पार पुलापर्यंत गेलो. त्यांची गाडी आली, बोलणं अर्धवट राहिलं. ते इथे पुरं करतो.

इंग्लंड, २०२५. पाच कसोट्या, २० जून ते ४ ऑगस्ट. बुमरा त्यातल्या तीनच खेळणार हे दौऱ्याआधीच ठरलं होतं. त्यासाठी त्याने कर्णधारपदावरही पाणी सोडलं, कारण मालिकेत दोनदा बाहेर बसणारा कर्णधार संघाला परवडणारा नाही असं त्याने स्वतःच बोर्डाला कळवलं. तो हेडिंग्ले, लॉर्ड्स आणि मँचेस्टरला खेळला. दोन हरलो, एक अनिर्णित. एजबॅस्टन आणि ओव्हलला तो नव्हता, दोन्ही जिंकलो. इथवर त्या मुलांचं गणित बरोबर.

पण हेडिंग्लेला पहिल्या डावात त्याने पाच बळी घेतले तेव्हा त्याच्याच गोलंदाजीवर झेलावर झेल सुटत होते. लॉर्ड्सला पुन्हा पाच बळी. तिथे आपण २२ धावांनी हरलो आणि शेवटच्या दिवशी हाच माणूस बॅट घेऊन ५४ चेंडू उभा राहिला होता. आणि एजबॅस्टनला गिलने २६९ आणि १६१ केल्या, आकाशदीपने सामन्यात दहा बळी घेतले, म्हणून जिंकलो. यातलं बुमरा नसल्यामुळे काय झालं, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

तीनच कसोट्या का, तेही आठवा. डिसेंबर २०२४, मेलबर्न. त्या एका कसोटीत बुमराने ५३.२ ओव्हर टाकल्या. सामना ३० तारखेला संपला, ३ जानेवारीला सिडनी सुरू. तिथे १० ओव्हर टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरून तो मैदानाबाहेर गेला, तो थेट स्कॅनला. मालिकेत १५१.२ ओव्हर, ३२ बळी. त्यानंतर तीन महिने क्रिकेट बंद, चॅम्पियन्स ट्रॉफी हुकली. २०२३ मध्ये त्याच पाठीवर शस्त्रक्रिया झालेली आहे. अशा माणसाला दोन कसोट्या बाहेर ठेवणं म्हणजे लाड करणं नव्हे.

माझा मुद्दा पुढचा आहे. त्याच इंग्लंड मालिकेत सिराज पाचही कसोट्या खेळला. १८५.३ ओव्हर, म्हणजे १११३ चेंडू, २३ बळी. "तुला कुठले दोन सामने सोडायचेत?" असं सिराजला कुणी विचारलं का? ज्याची पाठ आधीच मोडलीय त्याच्यासाठी नियोजन असतं, आणि त्याच्या वाटणीचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर जातं. दुसऱ्याचा नंबर तो मोडल्यावर.

वेळापत्रक मात्र कुणी हलवत नाही. २८ सप्टेंबरला दुबईत आशिया कपची फायनल, २ ऑक्टोबरला अहमदाबादला कसोटी. ८ नोव्हेंबरला ब्रिस्बेनला टी-ट्वेंटी, १४ नोव्हेंबरला कोलकात्याला कसोटी. गिल सगळीकडे होता, आणि कोलकात्यात चार धावांवर मान धरून बाहेर गेला. थकव्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण ऑस्ट्रेलियातून परतून सहाव्या दिवशी कसोटीत उभं राहायचं, हे ज्याने कागदावर लिहिलं त्याला यातलं काय कळतं?

खेळाडूंना आलटून-पालटून बसवण्याला, म्हणजे रोटेशनला माझा विरोध नाही. प्रश्न एवढाच, की विश्रांती मिळते कुणाला आणि ती कापली जाते कुठून?

जुना_भिडू

लेख तळमळीने लिहिलाय, पण मला पटला नाही.

कपिल देव १९७८ ते १९९४, सोळा वर्षं, १३१ कसोट्या. दुखापतीमुळे एकही चुकली नाही. जी एक चुकली ती कोलकात्याची, इंग्लंडविरुद्ध, आणि तीही शिस्तीच्या कारणावरून वगळला म्हणून. सुनील गावसकर सलग १०६ कसोट्या खेळले. ओव्हलनंतर ते म्हणाले की 'वर्कलोड' (खेळाडूवरचा भार) हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातूनच जायला हवा, तेव्हा मी घरी बसून टाळी वाजवली.

मी स्वतः अठरा वर्षं कांगा लीग खेळलो. जुलैचा पाऊस, गुडघ्याला लागणारं गवत, रन-अपमध्ये चिखल. रविवारी पंधरा-सोळा ओव्हर टाकायच्या आणि सोमवारी ८.१२ पकडून बँकेत. बूट खिडकीत वाळत ठेवायचो, ते पुढच्या रविवारपर्यंत ओलेच असायचे. देशासाठी खेळायचं म्हटल्यावर माणसाने मोजू नये, हे आमच्यावर झालेले संस्कार आहेत आणि मला ते चूक वाटत नाहीत.

गवती_क्रीज

काकांशी सहमत. तिकीट काढून जाणाऱ्याचा विचार कुणी करत नाही.

तिसरी_स्लिप

काका, कपिलबद्दल आपल्या दोघांच्या मनात एकच भावना आहे. पण हिशेब पुरा मांडूया. त्या काळात कसोटीच्या मध्ये एक विश्रांतीचा दिवस असायचा. सोळा वर्षांत १३१ कसोट्या आणि २२५ एकदिवसीय, म्हणजे ३५६ आंतरराष्ट्रीय सामने. कपिल काउंटी खेळला, मान्य. पण आयपीएलसारखं उन्हाळ्यात दोन महिने रोज रात्री दिव्याखाली, एक रात्र मुंबई, दोन रात्रींनी लखनौ, असं त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

आणि कपिल एक होता. त्याच्या शेजारी गोलंदाजी करून दोन-तीन वर्षांत संपलेले किती, ते आपण आठवत नाही. टिकलेला माणूसच आपल्या लक्षात राहतो.

मणक्याचा_मिस्त्री

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. पंधरा वर्षं वेगवान गोलंदाजांच्या पाठीच बघतोय. "माणसाने मोजू नये" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. लांबलं तर माफ करा.

वेगवान गोलंदाज पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त बल त्या पायातून वर जातं. त्याच क्षणी कंबर एका बाजूला वाकलेली, मागे ताणलेली आणि वळत असते. हे सगळं येऊन साचतं ते कमरेच्या शेवटच्या दोन-तीन मणक्यांच्या मागच्या कमानीत. तिथे हाडाची एक अरुंद पट्टी असते, बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही. उजव्या हाताने टाकणाऱ्याची बहुतेक वेळा डावीकडची पट्टी जाते. आधी तिथे सूज येते, एमआरआयमध्ये ती पांढरी चमकते. तेव्हा थांबलं तर हाड भरून येतं. खेळत राहिलं तर बारीक भेग पडते. मग सहा महिने गेले, कधी वर्ष.

आता मुख्य गोष्ट. हाड एकूण किती चेंडू टाकले यानेच मोडतं असं नाही. अचानक वाढलेल्या चेंडूंनी मोडण्याचा धोका फार मोठा. चार आठवडे कमी टाकले आणि पाचव्या आठवड्यात दुप्पट टाकले, की त्याचा फटका लगेच दिसत नाही, तीन-चार आठवड्यांनी दिसतो. म्हणून गोलंदाज म्हणतो, "काल तर काहीच नव्हतं."

यात आयपीएल ठेवून बघा. साखळीचे १४ सामने, प्रत्येकी ४ ओव्हर, म्हणजे दोन महिन्यांत जास्तीत जास्त ५६. मेलबर्नला बुमराने एका कसोटीत ५३.२ टाकल्या. दोन महिन्यांचं काम पाच दिवसांत! आयपीएल थकवतं ते प्रवासाने, अपुऱ्या झोपेने. पण हाडाच्या बाबतीत त्याचा दोष उलटा आहे. ते पाठीला कसोटीसाठी तयारच करत नाही. तिथून उतरून लगेच दिवसाला वीस ओव्हर टाकायच्या म्हटलं की मधली शिडीच नसते. ती शिडी म्हणजे वेळ. तीन-चार आठवडे, हळूहळू वाढवत नेलेली गोलंदाजी. २०२३ ला आयपीएलची फायनल २९ मेच्या रात्री संपता संपता ३० उजाडली आणि ७ जूनला ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाची फायनल. शमी त्या आयपीएलमध्ये १७ सामने खेळून गेला होता. समोर कमिन्स आणि स्टार्क, दोघांनीही ते आयपीएल सोडलेलं. आपण २०९ धावांनी हरलो.

म्हणून नुसतं "विश्रांती द्या" म्हणणंही अर्धवट आहे. एक सामना खेळवा, दोन बसवा, मग अचानक तीन खेळवा, असं रोटेशन केलं तर ते स्वतःच दुखापत आणतं. सिराजची पाठ टिकली त्यात मला नवल वाटत नाही. ऑस्ट्रेलियातही त्याने १५७ ओव्हर टाकल्या होत्या. तो सतत टाकत असतो, त्याच्या हाडाला सवय आहे. पण म्हणून त्याला कितीही पिळा असा अर्थ काढू नका.

आणि हे जुन्या काळात नव्हतं असंही नाही. डेनिस लिली १९७३ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने बाहेर गेला, कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये होता. पॅट कमिन्स १८ व्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, सामनावीर ठरला. दुसरी कसोटी कधी? मार्च २०१७, रांची. मधली सव्वापाच वर्षं बरीचशी हाडं भरून यायची वाट बघण्यात गेली.

जुना_भिडू

मिस्त्रीसाहेब, दोनदा वाचलं.

तो विश्रांतीचा दिवस मी विसरलोच होतो. वानखेडेला कसोटी असली की त्या दिवशी आम्ही उगाच चर्चगेटला जाऊन बंद गेटसमोर उभे राहायचो. आमच्या क्लबात एक डावखुरा होता, फार वेगवान. एकविसाव्या वर्षी त्याची पाठ गेली. आम्ही सगळे म्हणालो, याच्यात जिद्दच नाही. आज तुमचं वाचून त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

गावसकरांचं म्हणणं मी सोडत नाही. पण ते फलंदाजांना लागू ठेवतो.

संत्रानगरी_एक्सप्रेस

सिराज-बुमरा ठीक आहे, त्यांच्यामागे फिजिओंची फौज असते. मी खालचं सांगून राहिलो, तेही ऐका.

मार्च २०२४, रणजी ट्रॉफी. विदर्भाची सेमीफायनल नागपूरला मध्य प्रदेशशी, पाचव्या दिवसापर्यंत गेली. ६ मार्चला ६२ धावांनी जिंकलो. मी जामठ्याला स्टँडमध्ये होतो, पोरं अक्षरशः ओढत ओढत ड्रेसिंग रूममध्ये गेली. फायनल १० मार्चला वानखेडेवर. मधे तीन दिवस, त्यातच प्रवास. मुंबईने तमिळनाडूला तिसऱ्याच दिवशी गुंडाळलं होतं, त्यांना पाच दिवस मिळाले आणि घरचं मैदान. फायनलमध्ये आमच्यासमोर ५३८ चं लक्ष्य. वाडकरने शतक मारलं, ३६८ पर्यंत नेलं, पाचव्या दिवसापर्यंत झुंजलो, १६९ धावांनी हरलो. मुंबई चांगली खेळली, त्यात वाद नाही. पण तेरा दिवसांत दहा दिवसांचं क्रिकेट खेळून आलेल्या पायांनी आम्ही खेळलो, हेही खरं आहे ना बाप्पा.

आणि हे फक्त हरलेला बोलून नाही राहिला. शार्दूल ठाकूर मुंबईचाच. सेमीफायनलला शतक मारून आल्यावर तो पत्रकारांसमोर सरळ बोलला, की सामन्यांमध्ये तीन-तीन दिवसांचंच अंतर ठेवलं आणि पोरं अशीच दोन हंगाम खेळली, तर देशभर दुखापतींची रांग लागेल. तो नवा होता तेव्हा बाद फेरीला पाच दिवस मिळायचे, हेही त्याने सांगितलं. हा माणूस पालघरहून किट घेऊन लोकलने मुंबईला खेळायला यायचा. त्याला कुणी आळशी म्हणू नये.

त्याच्या बोलण्यानंतर बोर्डाने २०२४-२५ चा हंगाम दोन तुकड्यांत केला. पाच साखळी सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मग मुश्ताक अली आणि विजय हजारे या मर्यादित ओव्हरच्या स्पर्धा, मग जानेवारीत उरलेले. त्या हंगामात आम्ही रणजी जिंकलो, म्हणून मी तक्रार करायला नको. पण मिस्त्रीभाऊ सांगतात तो धोका इथेही आहे. दोन महिने पांढऱ्या चेंडूने चार आणि दहा ओव्हर टाकायच्या आणि २३ जानेवारीला एकदम चार दिवसांचा सामना.

रणजीतल्या गोलंदाजाला बसायचं म्हटलं की पैसे कापले जातात, ते वेगळंच. अकरामध्ये असला तर दिवसाला ४० ते ६० हजार, राखीव असला तर अर्धे. आयपीएलचा करार नसलेल्या पोराला विश्रांती परवडेल कशी?

तिसरी_स्लिप

संत्रानगरी, हे मूळ लेखात यायला हवं होतं. मी वरच्या दोन नावांतच अडकलो. खरी चिंता ज्यांची करायला हवी ते तुम्ही म्हणता तेच.

ओव्हलचा_पाव्हणा

मी लंडनजवळ राहतो, मूळचा साताऱ्याचा. ४ ऑगस्टला ओव्हलवर होतो. सकाळी इंग्लंडला ३५ हव्या होत्या, चार विकेट हातात. ऑफिसात पोटदुखीचा बहाणा केला, तो आज इथे कबूल करतो.

पहिल्या ओव्हरला प्रसिधला दोन चौकार बसले, तेव्हा आमच्या स्टँडमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. मग सिराज. मी सीमारेषेपासून दहा-बारा रांगांवर होतो. ओव्हर संपली की तो आमच्या बाजूला यायचा. गुडघ्यावर हात, मान खाली. पाठीवरचा शर्ट घामाने चिकटलेला, ऑगस्टातल्या ढगाळ लंडनमध्ये. एक पोरगा "मियाँ, मियाँ" ओरडला तर त्याने फक्त एक बोट वर केलं. आदल्या दिवशी याच माणसाचा ब्रूकचा झेल पकडताना पाय सीमारेषेला लागला होता आणि ब्रूकने शतक ठोकलं होतं. शेवटचा चेंडू यॉर्कर, ॲटकिन्सनचा ऑफ स्टंप गेला, सहा धावांनी जिंकलो. मालिकेतला त्याचा १११३ वा चेंडू! वेग तेव्हाही १४० च्या वर. मी रडलो, शेजारचे पंजाबी आजोबाही रडले.

आणि दुसऱ्या बाजूला क्रिस वोक्स. खांदा निखळलेला, डावा हात स्वेटरच्या आत गळ्यात बांधलेला, एका हाताने बॅट धरून आला. धाव काढताना त्याचा चेहरा वेदनेने पिळवटायचा. पूर्ण स्टेडियम उभं राहिलं. जुना भिडू काका म्हणतात ती वृत्ती मेलेली नाही. दोन्ही संघांत ती त्या दिवशी डोळ्यांनी बघितली. म्हणूनच वाटतं, असल्या माणसांना जपायची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवी. ते स्वतः "थांबतो" म्हणणार नाहीत.

इंग्लंडने रोटेशनचा प्रयोग आपल्याकडेच केला होता, २०२१ ला. चेन्नईची पहिली कसोटी २२७ धावांनी जिंकले आणि बटलर घरी गेला. दुसरीनंतर मोईन घरी. बेअरस्टो पहिल्या दोन्हींना नव्हताच. मालिका ३-१ हरले आणि इथे लोक निवड समितीवर तुटून पडले. पण त्या खेळाडूंनी आधीचे कित्येक महिने कोविडच्या बबलमध्ये, कुटुंबापासून लांब काढले होते, हे कुणी ऐकायला तयार नव्हतं. मला तेव्हा राग आला होता, आज येत नाही. स्टोक्सने जुलै २०२२ मध्ये एकदिवसीय सोडलं तेव्हा तो म्हणाला होता, की आम्ही काही मोटारी नाही, पेट्रोल भरलं की निघालो.

राग येतो तो ऑस्ट्रेलियाच्या २०१२ च्या पर्थचा. ॲडलेडला सिडल आणि हिल्फेनहॉस पाचव्या दिवशी संध्याकाळपर्यंत टाकत राहिले, दक्षिण आफ्रिकेच्या फाफ डू प्लेसीने सामना वाचवला, आणि तीनच दिवसांनी पर्थ. दोघांनाही बाहेर बसवावं लागलं, नवी फळी उतरवली, ३०९ धावांनी हरले. पाँटिंगची शेवटची कसोटी होती ती. जिंकले असते तर क्रमवारीत पहिले झाले असते. त्यात निवडणाऱ्यांचा दोष कमी, दोन कसोट्यांमध्ये तीन दिवस ठेवणाऱ्यांचा जास्त.

हिशेबनीस

मी ताळेबंद वाचणारा माणूस आहे, म्हणून तेवढंच सांगतो.

२०२३ ते २०२७ या वेळापत्रकाच्या चक्रात पुरुषांचे ७७७ आंतरराष्ट्रीय सामने ठरले, आधीच्या चक्रात ६९४ होते. त्यात कसोट्या १७३ आणि टी-ट्वेंटी ३२३. आयपीएल २००८ ला ५९ सामन्यांचं होतं, २०२२ ला ७४ चं झालं. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, ४१० सामन्यांसाठी. भागाकार करा, सामन्यामागे ११८ कोटी. एक सामना कमी करायचा म्हणजे काय, ते या आकड्यात दिसतं.

छोट्या देशांची अवस्था बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला कसोटीसाठी दुसरा संघ पाठवला, कारण चांगले खेळाडू घरच्या लीगला बांधलेले होते. कर्णधार नील ब्रँड, त्याचीच ती पहिली कसोटी. ट्रेंट बोल्टने २०२२ मध्येच बोर्डाचा करार परत केला. निकोलस पूरन २९ व्या वर्षी वेस्ट इंडिजकडून खेळणं सोडून मोकळा झाला.

आपल्या बोर्डाने २०२४ ला एक गोष्ट चांगली केली, ती सांगितली पाहिजे. हंगामातल्या ७५ टक्क्यांहून जास्त कसोट्यांत अकरामध्ये असेल त्याला सामन्यामागे १५ लाख फीच्या वर ४५ लाख. पण यात एक गाठ आहे. ज्याला सल्ला म्हणून विश्रांती घ्यायला सांगितली, त्याचे टक्के घसरतात. शिस्तीने थांबणाऱ्याचं नुकसान आणि दुखणं लपवून खेळणाऱ्याचा फायदा. वैद्यकीय सल्ल्याने बसलेला सामना खेळल्यासारखा धरला पाहिजे.

गवती_क्रीज

मग आयपीएलमधूनच दोन-चार सामने बसवा की. मुंबई इंडियन्स बुमराला बसवेल?

तिसरी_स्लिप

गवती, नेमकी तीच नस. फ्रँचायझीने कोट्यवधी मोजलेत, ते का बसवतील? देशाचा करार खेळाडूशी आहे, तर त्याच करारात आयपीएलच्या ओव्हरची मर्यादाही बोर्डाने लिहावी. स्टार्कने हे स्वतःच्या जिवावर केलं. २०१५ नंतर आयपीएल खेळला तो थेट २०२४ ला. कोट्यवधींवर पाणी सोडलं, आणि जुलै २०२५ मध्ये शंभरावी कसोटी खेळला, त्यात ९ धावांत ६ बळी. पण प्रत्येकाला तसं परवडत नाही. जे स्टार्कने स्वेच्छेने केलं ते नियमात आलं पाहिजे.

आपल्याकडचं उलट उदाहरण श्रीरामपूरच्या झहीरचं. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषक जिंकला, २१ बळी. आयपीएल ८ एप्रिलला सुरू. सहा दिवस! जुलैमध्ये लॉर्ड्सला पहिल्याच दिवशी १३.३ ओव्हर, १८ धावांत २ बळी, चेंडू दोन्हीकडे बोलत होता, आणि मांडी धरून तो बाहेर गेला. पूर्ण दौऱ्यात परत आला नाही. ४-० हरलो, पहिला क्रमांक गेला. सेहवाग त्याच आयपीएलनंतर खांद्याची शस्त्रक्रिया करून तिसऱ्या कसोटीला पोचला आणि दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद. इतकी वर्षं झाली. त्या उन्हाळ्यातून आपण काय शिकलो?

कृष्णाकाठची

सगळे प्रतिसाद वाचले. एक बाजू राहिलीय.

मी सांगलीची. स्मृती मानधनाला नेटमध्ये खेळताना लहानपणी बघितलंय, तेव्हा मुलींना नेट मिळणं हीच बातमी असायची. तुम्ही सगळे गर्दीबद्दल बोलताय. आमच्या मुलींचं वेळापत्रक किती रिकामं होतं, तेही आठवा. नोव्हेंबर २०१४ ला म्हैसूरला कसोटी खेळल्या, पुढची कसोटी जून २०२१, ब्रिस्टल. साडेसहा वर्षं! स्मृतीची तिसरी कसोटी यायला ती जवळजवळ पंचवीस वर्षांची का व्हावी लागली?

आता डब्ल्यूपीएल आहे, हंड्रेड आहे, बिग बॅश आहे, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर विश्वचषकही जिंकला. पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळ्यांना यांचे सामने हवेसे होतील. म्हणून आत्ताच सांगते, पुरुषांचं वेळापत्रक जसं हातातून गेलं तसं यांचं जाऊ देऊ नका. अजून कागद कोरा आहे. आणि त्यात कसोट्या लिहा. वर्षाला एक-दोन तरी.

संत्रानगरी_एक्सप्रेस

ताई, +१. हे कुणी मांडलंच नव्हतं.

शिवाजीपार्कची_आई

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मणक्याचा मिस्त्री यांना विचारायचं होतं.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, वेगवान गोलंदाजी करतो. शाळेची टीम, क्लबची टीम, शिवाय सोसायटीतली मुलं रात्री टेनिस बॉलच्या स्पर्धेला नेतात. तीन आठवडे झाले, कमरेत डावीकडे दुखतं म्हणतो. सकाळी मोजे घालताना वाकत नाही, पलंगावर बसून पाय वर घेतो. प्रशिक्षक म्हणाले स्नायू आखडलाय, स्प्रे मार. रविवारी शाळेची मॅच आहे. तो म्हणतोय की नाही खेळलो तर टीममधून जाईन. तुमचं डावीकडच्या पट्टीचं वाचलं आणि पोटात गोळा आला. उगाच घाबरतेय का मी?

मणक्याचा_मिस्त्री

ताई, उगाच नाही. उजव्या हाताने टाकत असेल, तर डावीकडे एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं, तीन आठवड्यांचं, या वयात, हे स्नायू म्हणून सोडायचं नाही. काही नसेलही. पण ते बघून ठरवायचं, अंदाजाने नाही.

घरी एवढं बघा: त्याला उजव्या, मग डाव्या पायावर उभं करून हळूच मागे वाकायला सांगा. डाव्या पायावर दुखलं तर तसं डॉक्टरांना सांगा. जोर लावू नका, एकदाच करा, आणि नाही दुखलं तरी दाखवायचंच. साध्या एक्सरेत हे बहुधा दिसत नाही, म्हणून खेळाच्या दुखापती बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि एमआरआयबद्दल विचारा.

रविवारी गोलंदाजी नाही. रात्रीची टेनिस बॉलची स्पर्धा आजपासून बंद, तिथे किती चेंडू टाकतो ते कुणी मोजत नाही आणि खाली सिमेंट असतं. इंग्लंडमध्ये त्याच्या वयाच्या मुलाला एका स्पेलमध्ये सहा आणि दिवसात बारा ओव्हरच्या वर टाकू देत नाहीत, हे प्रशिक्षकांना दाखवा. तीन टीमच्या मिळून आठवड्याला किती टाकतो, ते एका वहीत लिहायला लावा. त्यालाच लिहू दे.

टीममधून जाईन म्हणतो ना, त्याला कमिन्सचं सांगा. सव्वापाच वर्षं थांबून आला आणि पुढे ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला.

जुना_भिडू

ताई, मुलाचे प्रशिक्षक ऐकत नसतील तर मला निरोप पाठवा. मैदानावर अजून चार जण मला ओळखतात. मी येऊन बोलेन त्यांच्याशी.

शिवाजीपार्कची_आई

डाव्या पायावर दुखलं. उजव्यावर नाही. उद्या सकाळची वेळ घेतलीय डॉक्टरांची. काका, निरोप पाठवलाय. आत्ता तो बॅट घेऊन आरशासमोर उभा आहे, वही पलंगावर पडलीय, पहिल्या पानावर गेल्या आठवड्याच्या ओव्हर लिहिल्यात. एकसष्ट.